कोरडी खाज, ओली खाज: पाळी गेल्यावर परत परत येणाऱ्या त्रासाचा माग

रात्री अडीच-तीनला जाग यायची ती खाजेनेच. झोपेत हात नडगीवर गेलेला, नखं चाललेली. दिवा लावून पाहिलं तर ना पुरळ, ना चट्टा, ना डास चावल्याची खूण. नुसत्या नखांच्या पांढऱ्या रेघा, फळ्यावर खडूने ओढल्यासारख्या. एकदा वैतागून मी नडगीवर नखाने ‘श्री’ काढला. सकाळी चहाच्या वेळी तो पुसट का होईना, होताच.

मी फोंड्याला राहते, शाळेत शिकवते, वय 52. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. त्याच सुमाराला ही खाज सुरू झाली आणि पुढची दोन वर्षं एकाच फेऱ्यात फिरत राहिली: आठ दिवस आराम, पंधराव्या दिवशी पुन्हा तेच. नणंदेला सांगितलं तर ती हसायला लागली. “वहिनी, इथे पावसात मिठाचं पाणी होऊन वाहतं आणि तुझी म्हणे कातडी वाळते!” तिचं म्हणणं मला पटलं, आणि माझं चुकलं ते तिथेच. दमट हवा म्हणजे बुरशी, असा माझा ठाम समज झाला.

मग मी काय काय केलं ते ऐका. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात “खाजेचं काहीतरी द्या” म्हटलं. त्यांनी एक ट्यूब काढून दिली. ती नडगीला लावली, कमरेला परकराच्या नाडीखाली खाजायचं तिथेही लावली. वर बुरशीची पावडर, तीही दोन्हीकडे. अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, घाम फुटायचा, म्हणून सकाळी एक, शाळेतून आल्यावर एक आणि निजताना एक अशा तीन आंघोळी, त्याही कढत पाण्याने आणि जंतुनाशक साबणाने. पाठीला घोसाळ्याची वाळकी जाळी. आणि आईची शिकवण म्हणून रात्री खोबरेल, पुन्हा सगळीकडे.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरणीकडे गेले. तिने नडगी पाहिली, कंबर पाहिली, कमरेच्या चट्ट्याची कड पात्याने जरा खरवडून ती साल काचपट्टीवर घेतली आणि म्हणाली, “बाई, तुम्हाला खाज एक नाही, दोन आहेत. नडगीची कोरडी, कमरेची ओली. एकीचं औषध दुसरीला लावताय, म्हणून दोन्ही टिकून आहेत.”

दोन वर्षांचा उलगडा दोन वाक्यांत झाला. पावडरीने नडगी आणखी कोरडी पडत होती, खोबरेलाने कमरेची वळी आणखी ओलसर राहत होती आणि ट्यूब दोन्हीकडे थोडे दिवस फसवत होती.

आधी ओळखा, मग लावा

कोरडी खाज नडग्यांवर, दंडांच्या बाहेरच्या बाजूला, कमरेच्या मागे, कधी पाठीवर येते. दोन्ही पायांना साधारण सारखीच. रात्री आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासात वाढते. नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. जास्त झालं तर त्वचेवर उन्हाळ्यातल्या सुकलेल्या तळीसारख्या बारीक भेगा दिसतात.

ओली खाज जिथे कातडीला कातडी लागते तिथे: स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या वळीत, नाडीच्या आणि इलॅस्टिकच्या पट्ट्यात. घाम आला की वाढते. चट्ट्याला कड असते, कडेला लाली आणि बारीक पुटकुळ्या, मधला भाग निवळत गेलेला, म्हणजे आपण ज्याला नायटा किंवा गजकर्ण म्हणतो तो. घरात आणखी कोणाला खाजत असेल तर संशय पक्का. आमच्याकडे ह्यांना जांघेत खाजत होतं. दोन महिने बोलले नाहीत. मी बरी व्हायचे आणि पुन्हा त्यांच्याकडून घ्यायचे. हे कळायला डॉक्टरणीला सरळ विचारावं लागलं: “घरी कोणाला आहे का?”

कोरडी आणि ओली एकाच वेळी एकाच अंगावर असू शकतात, आणि पन्नाशीत बऱ्याचदा असतात, कारण दोन्हींचं मूळ एकाच बदलात आहे. त्वचेचं तेल कमी होतं आणि घामाचे लोंढे वाढतात.

दमट हवेत कातडी वाळते कशी?

पाळी सलग 12 महिने आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडच्या बायकांचं हे वय साधारण 46-47. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन त्याच्या आधीपासूनच चढउतार करत खाली यायला लागतं. त्वचेच्या पेशी या इस्ट्रोजेनवर बऱ्याच अवलंबून असतात. ते कमी झालं की तेलग्रंथी मंदावतात. वरच्या थरात पेशींच्या विटांमध्ये चुन्यासारखी बसलेली स्निग्ध द्रव्यं (त्यांतली मुख्य म्हणजे सेरामाइड) कमी पडतात. आतलं पाणी धरून ठेवणारी भिंतच पोकळ होते. खालच्या थरातलं, कातडीला बळकटी देणारं कोलॅजन पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत साधारण 30 टक्क्यांनी घटतं, नंतर दर वर्षी सुमारे 2 टक्क्यांनी. म्हणून कातडी पातळ होते, जरा कुठे आपटलं की निळं पडतं, ओरखडा भरायला वेळ लागतो.

आता हवेचं. बाहेर 85 टक्के दमटपणा असला तरी त्याने ही भिंत बांधली जात नाही. आणि मी बाहेर असतेच कुठे? अंगाची लाही होते म्हणून रात्री एसी 20 वर. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, बाहेरच्या नळीतून ठिबकतं ते तेच पाणी. त्यावर पंखा पूर्ण वेगात. म्हणजे गोव्यात राहून रात्रीचे आठ तास मी कोरड्या हवेच्या झोतात झोपत होते.

तिसरं कारण न्हाणीघरात. निरोगी त्वचा जराशी आम्ल असते, पीएच साधारण 4.5 ते 5.5 (आकडा कमी तेवढं आम्ल जास्त). वय वाढतं तसा तो वर सरकतो. आपला नेहमीचा वडीचा साबण 9 ते 10 च्या घरात. तरुणपणी कातडी लवकर सावरून घ्यायची, आता तिला वेळ लागतो, आणि ती सावरायच्या आत मी दुसऱ्या आंघोळीला उभी. पूर्वी भाणातलं, म्हणजे न्हाणीतल्या मोठ्या भांड्यातलं, पाणी तापायला लाकडं लागायची, म्हणून कढत पाणी जपून वापरलं जायचं. गिझर आला आणि तो लगामही गेला.

कोरडीवर काय केलं

आंघोळी तीनच ठेवल्या, कारण घाम आला की मला राहवत नाही. पण साबण दिवसातून एकदाच, आणि तोही काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता. हात, नडग्या, पाठ यांना पाण्याशिवाय काही नाही. पहिले चार दिवस अस्वच्छ वाटलं, मग सवय झाली. पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांच्या आत. घोसाळ्याची जाळी आता भांड्यांना. साबणाऐवजी कमी पीएचचा, फेस न येणारा द्रव मिळतो, तो चालतो. ‘जंतुनाशक’ लिहिलेलं काहीही नडगीच्या जवळ नको.

मग टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच तीन मिनिटांत क्रीम. ही तीन मिनिटं फार महत्त्वाची. क्रीम काही आकाशातून ओलावा आणत नाही, अंगावरचं पाणी उडून जाऊ देत नाही एवढंच. वाळलेल्या अंगावर लावलं तर अर्धा उपयोग गेला.

पण माझी खरी चोरी पकडली गेली ती मापात. डॉक्टरणीने विचारलं, “बाटली केवढी आणि किती दिवस पुरते?” मी अभिमानाने सांगितलं, 100 ग्रॅमची, दोन महिने. तिने बोटाच्या शेवटच्या पेरावर क्रीमची रेघ काढून दाखवली. टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंतची ती रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका पायाला, पाऊल धरून, अशा आठ रेघा लागतात. एका हाताला चार. दोन हात, दोन पाय मिळून 24 रेघा, म्हणजे 12 ग्रॅम. एकदाच लावलं तरी 100 ग्रॅमची बाटली आठ दिवसांत संपायला हवी. मी ती साठ दिवस पुरवत होते. म्हणजे मी क्रीम लावत नव्हते, क्रीमचा वास लावत होते.

एवढं लावायचं तर महागडं परवडत नाही, आणि गरजही नाही. ग्लिसरीन असलेलं, सुवास नसलेलं, मोठ्या डब्यातलं साधं क्रीम पुरतं. नडग्यांवर खवले असतील तर 5 ते 10 टक्के युरिया असलेलं, पण चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं. टाचांना रात्री पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे. आमच्याकडे टाचांना भिंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, लावायची रीत आहे. तळहातावर घासलं की वितळतं. त्याला मी अजून सोडलेलं नाही. खोबरेलही चांगलंच आहे, पण ते ओल्या अंगावर, नुसत्या नडग्या आणि हातांना. चेहऱ्याला लावून पुटकुळ्या आणून घेतलेल्या दोघी मला माहीत आहेत.

एसी आता 26 वर, पंखा थेट अंगावर नाही. वाफा आल्या की ओला नॅपकिन मानेवर.

दहा दिवसांत रात्रीची झोप लागायला लागली. पाणी भरपूर प्यायलं की कातडी आपोआप सुधारते असं सगळ्याच सांगतात. तहान भागेल इतकं जरूर प्या, पण चार लिटर पिऊन माझ्या नडगीला काही कळलं नव्हतं, मला मात्र रात्री उठावं लागत होतं.

ओलीचं प्रकरण

नाक्यावरच्या त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं आणि कडक स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज आणि लाली दोन दिवसांत घालवतं, म्हणून वाटतं की लागू पडलं. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही झोपवतं, आणि बुरशी शांतपणे पसरते. थांबवलं की दुप्पट उसळते. कड अस्पष्ट होते, डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. आधीच पातळ होत चाललेली पन्नाशीची कातडी त्याने आणखी पातळ होते; जांघेत कायमचे वळ उठतात, चेहऱ्यावर लाल शिरा दिसू लागतात. अशी बरीचशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 मध्ये झाला आहे. तरीही ती मिळतात, आणि दुकानदाराने दिली म्हणजे साधीच असणार असं आपण धरून चालतो. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं लिहिलेलं दिसलं की स्वतःहून लावू नका. आधीच महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद करण्याआधीही डॉक्टरला विचारा.

मला नुसतं बुरशीचं मलम मिळालं, दोन वेळा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून. डाग गेल्यावरही दोन आठवडे लावायचं. मी पूर्वी कुठे थांबायचे ते आता कळलं असेल. ह्यांनाही तेच, त्याच दिवसापासून. वळीत तेल नाही, क्रीम नाही. आंघोळीनंतर स्तनांखाली आणि जांघेत सुक्या सुती फडक्याने टिपायचं, मग दोन मिनिटं पंख्यासमोर उभं राहायचं आणि मगच कपडे. हसू येतं, पण ह्याचा उपयोग मलमाइतकाच झाला.

जून ते सप्टेंबर कपड्यांचं काय करायचं हा गोव्यातला खरा प्रश्न. दोरीवर चार दिवस टांगून ठेवलेली परकराची नाडी आतून ओलीच असते. मी आतले कपडे गरम पाण्यात वेगळे धुते आणि घालायच्या आधी इस्त्री करते, शिवणी आणि नाडीचा नेफा दोनदा. नाडी आता रुंद पट्टीची, आणि रोज एकाच रेषेवर नाही, बोटभर वर-खाली.

दोन्हींत न बसणारी

कधी कातडीवर काहीच नसतं आणि तरी मुंग्या चालल्यासारखं वाटतं. हेही इस्ट्रोजेन घटण्याच्या काळात होतं, मज्जातंतूंचा खेळ. गार पाण्याची पट्टी आणि क्रीम यांनी निभतं, नाहीतर डॉक्टर आहेतच.

काजूच्या हंगामात, मार्च ते मे, हात-मानेवर फोड आणि जळजळ आली तर आधी काजूवर संशय घ्या. बियांच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. माहेरी बिया भाजायला बसले त्या वर्षी मीसुद्धा ‘पाळी गेल्याची खाज’ म्हणत होते.

पुरळ नसलेली, अंगभर, तीन-चार आठवडे नीट क्रीम लावूनही न हटणारी खाज असेल तर रक्त तपासा: साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि लोह, यकृत आणि मूत्रपिंड. माझ्या सहकारी शिक्षिकेचं थायरॉइड असंच सापडलं. रात्रीच्या घामाबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, डोळे पिवळे दिसत असतील तर ते पाळीच्या खात्यावर टाकू नका. एकाच स्तनाग्राला खवलेदार, न भरणारी जखम किंवा इसब असेल तर मलमं न लावता थेट डॉक्टर. तीळ वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल तरी तेच. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी लाल दिसला, तरी दाखवायचं.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. योनीमार्गाची कातडीही अशीच कोरडी आणि पातळ होते. खाज, जळजळ, लघवीला चुरचुर, संबंधाच्या वेळी दुखणं. बहुतेकजणी ‘तिथला साबण’ घेऊन धुवत बसतात आणि ते वाढतं. तिथे नुसतं पाणी पुरे. यासाठी ओलावा देणारी जेल आणि कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. ते स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून देतात, आणि ते अंगावर काढण्यापेक्षा सांगणं कितीतरी सोपं. तिथली कातडी पांढरी, कागदासारखी झाली असेल तर नक्की दाखवा. तो वेगळा आजार असू शकतो. खासगी डॉक्टरचा खर्च नको असेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात, त्वचेचा विभागही आहे आणि स्त्रीरोगाचाही. सकाळी लवकर जा, डबा सोबत घ्या.

गोळ्यांच्या हार्मोनबद्दल विचारतात. वाफा, घाम, झोप यांचा त्रास मोठा असेल तर डॉक्टरशी बोलण्यासारखं आहे, पण नुसत्या कातडीसाठी ते घेत नाहीत; स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या असतील तर मुळीच नाही. कोलॅजनची पावडर माझ्या भाचीने आणून दिली होती. डब्याची किंमत पाहिली आणि तेवढ्यात क्रीमचे किती डबे येतील याचा हिशेब केला.

चेहऱ्याचं थोडक्यात

गालांवरचे वांग परत परत उठतात ते उन्हामुळे. त्यासाठी एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन, दोन बोटांवर रेघा भरून, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी. ढगाळ दिवशीही. रंगीत छटेचं, लोह ऑक्साइड असलेलं मिळालं तर वांगासाठी ते अधिक चांगलं. हनुवटीवर जाड केस आणि पुटकुळ्या आल्या तर घाबरू नका, पण उपटत बसू नका. कात्रीने कापा. लिंबू चेहऱ्याला नको. त्याचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते महिने महिने जात नाहीत. बेसन-संत्रासालीचं उटणं नरकचतुर्दशीपुरतं ठेवा, तेही तेल चोळल्यावर, हलक्या हाताने.

डिसेंबरात माझी नडगी पुन्हा बोलायला लागली. पहाटे गार वारा, पाणी नकळत जास्त कढत घेतलेलं, आणि क्रीमचा डबा? कपाटात. तीन आठवडे बरं वाटत होतं म्हणून ठेवून दिलेला. मी नखाने रेघ ओढून पाहिली. पांढरी. कमरेला कड आली आहे का तेही आरशात पाहिलं. नव्हती. म्हणजे यावेळी एकीचंच औषध. डबा आता न्हाणीघराच्या दाराशी, टॉवेलच्याच खुंटीखाली असतो, आणि ह्यांनीही त्यातलं वापरायला सुरुवात केल्यामुळे तो आठ दिवससुद्धा पुरत नाही.